आधी पाणी, मग होडी : माणहून एकट्याने वल्हवायला निघताना

माणमध्ये राहणाऱ्या माणसाला पाणी शोधत लांब जावं लागत नाही. गावाच्या दक्षिणेला नांदे-चांदे बाजूनं मुळा वाहते. घोटावड्यावरून पौड गाठून पुढे गेलं की मुळशीचा जलाशय येतो. कोळवण खोऱ्यातून तिकोनापेठेकडे वळलं की पवनेचं पाणी दिसू लागतं. हिंजवडीच्या आयटी पार्कमुळे इथं देशभरातली तरुण मंडळी राहायला आली. त्यातली काही परदेशात कनू किंवा कयाक चालवून आलेली असतात आणि सुट्टीची सकाळ इथंही तशीच पाण्यावर घालवावी असं त्यांना वाटतं. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : होडी कोणती घेऊ?

होडी शेवटी घ्या. आधी पाणी ठरवा, मग महिना, मग दिवसातली वेळ, मग काठावर तुमची वाट कोण पाहणार ते. एवढं पक्कं झालं की होडीचा निवाडा आपसूक होतो आणि सामानाची यादी निम्मी होते.

एकट्यानं जाणाऱ्याचं गणित वेगळं असतं. दोन होड्या असल्या की एक उलटली तरी दुसरी तिला सावरते, वल्हं वाहून गेलं तर कुणीतरी आणून देतं. एकट्याच्या वेळी सोडवायला येणारा एकच, तो म्हणजे काठ. म्हणून मार्ग आखताना माझी पहिली अट अशी : लाइफ जॅकेट घालून, कपड्यांसकट, वाऱ्याविरुद्ध तुम्ही जेवढं अंतर पोहू शकता त्याहून काठापासून दूर जायचं नाही. बहुतेकांच्या बाबतीत हे अंतर शंभर-दीडशे मीटरपेक्षा जास्त नसतं. आधी तरणतलावात मोजून घ्या, मग त्याचं निम्मं करा.

आता पाणी. सगळ्यात जवळची मुळा नदीच, आणि तिथंच जाऊ नका असं मी सांगेन. पुण्याकडे जावं तसं सांडपाणी आणि जलपर्णी वाढत जाते, पण खरा धोका बंधाऱ्यांचा आहे. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी पायथ्याशी स्वतःभोवती गोल फिरत राहतं. त्यात होडी, ओंडका, माणूस, जे सापडेल ते पुन्हा भिंतीकडे ओढलं जातं. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्यामुळे लाइफ जॅकेटही नेहमीसारखं तरंगवत नाही. भीती वाटावी अशी उंचीही तिथं नसते आणि वरच्या अंगानं येणाऱ्याला होडीतून तो पडदा दिसतच नाही, फक्त पाण्याची एक सरळ रेघ दिसते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा संपला की बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. काही बर्गे काढलेले आणि काही तसेच असतील, तर फटीतून पाणी जोरानं खेचलं जातं आणि होडी खांबांना आडवी चिकटते. तिथून एकट्यानं सुटणं जवळपास अशक्य. पुढेमागे कुठल्याही नदीवर जाल तेव्हा उपग्रह नकाशावर प्रत्येक बंधारा शोधून त्याच्या वरच्या बाजूला काठ गाठण्याची जागा खूण करा. होडी उचलून बंधाऱ्याच्या खाली नेण्याचा रस्ता पायी पाहून ठेवा. तो पाहिलेला नसेल तर त्या नदीवर तुमचा मार्गच नाही.

मुळशीचा जलाशय देखणा आहे, पण तो सार्वजनिक तलाव नाही. हे धरण टाटांचं. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला तो याच धरणाविरुद्ध आणि ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांचे नातू-पणतू आजही आसपासच्या वाड्यांवर राहतात. लेखी परवानगीशिवाय इथं स्वतःची होडी सोडू नका. परवानगी मिळाली तरी धरणाची भिंत आणि पाणी उचलण्याच्या जागा यांच्यापासून दूर राहा. मुळशीचं पाणी पश्चिमेला वळवून सह्याद्रीवरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडलं जातं. तेच पुढे कुंडलिकेत येतं आणि त्याच्याच जोरावर कोलाडचं राफ्टिंग चालतं. कुंडलिकेचं ते पाणी वीजनिर्मितीच्या वेळापत्रकावर चढतं-उतरतं. ते मार्गदर्शकासह तराफ्यात बसून अनुभवायचं पाणी आहे, एकट्यानं उघडी होडी घालायचं नाही.

नवख्यानं सुरुवात पवनेवर करावी असं माझं मत आहे. जलाशय डोळ्यांच्या टप्प्यात राहतो, तिकोना, तुंग, लोहगड, विसापूर हे चार किल्ले दिशा चुकू देत नाहीत आणि काठावर वस्ती आहे. जवण-मोरव्याच्या बाजूनं तुंगच्या पायथ्याकडे काठ धरून जायचं आणि त्याच काठानं परतायचं. सरळ पलीकडे तोडून जायचा मोह होतो, तो आवरा. सुट्टीच्या दिवशी तंबूवाल्यांच्या मोटरबोटी फिरतात, त्यामुळे शक्य असेल तर मंगळवार-बुधवार निवडा. पवना पिंपरी-चिंचवडला पाणी पाजते. पाणी जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत आहे, तेव्हा धरणावरच्या शाखा कार्यालयात आधी विचारून घ्या आणि तिथं मनाई सांगितली तर वाद न घालता परत फिरा.

हात बसल्यावर पानशेत. आंबी नदीचं हे खोरं अरुंद आणि नागमोडी आहे, पश्चिमेला शिरकोलीकडे आत आत जात राहतं. अरुंद पाण्यात दोन्ही काठ जवळ राहतात आणि प्रत्येक वळणाआड वाऱ्यापासून आडोसा मिळतो. एकट्या माणसासाठी याहून चांगला जलाशय पुण्याजवळ नाही. शेजारचं वरसगाव त्याच धर्तीचं. खडकवासला मात्र सोडून द्या, तिथं काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. कोयनेचा शिवसागर बामणोली-तापोळ्याकडून पाहिला की मन ओढ घेतं, पण त्याचा मोठा भाग अभयारण्याला आणि व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. वन विभागाच्या परवानगीशिवाय आणि ठरलेल्या लाँचशिवाय त्या भागात जाता येत नाही. सांगलीकडची कृष्णा, महाडची सावित्री, चिपळूणची वाशिष्ठी या नद्यांत मगरी आहेत. तिथं पाण्याच्या पातळीला बसून वल्हवू नये.

वाऱ्याबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण जलाशयावर माणसाचा घात पाण्यापेक्षा वाराच करतो. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती नेहमीच्या ये-जा करण्याच्या वाटेवरची बोट होती. उन्हाळ्याच्या शेवटी दुपारनंतर वळवाचे ढग उभे राहतात आणि पाऊस पडण्याआधी वाऱ्याचा जो पहिला लोट येतो तो काही मिनिटांत सपाट पाण्याचं रूप पालटतो. मोकळ्या पाण्याचा पट्टा जितका लांब, तितकी लाट मोठी. उजनीसारख्या रुंद जलाशयावर ती चढायला जागाच जागा असते.

आपल्याकडचं वर्ष मी असं वाटून घेतो. नोव्हेंबर ते जानेवारी सकाळी पाणी काचेसारखं असतं. धुकं असेल तर ते उठेपर्यंत काठावरच थांबायचं. फेब्रुवारीपासून दुपारचा पश्चिमेचा वारा बळावतो. मार्च ते मे समुद्रावरून येणारा वारा घाट चढून दुपारनंतर इकडे पोचतो. म्हणून या महिन्यांत उजाडताच पश्चिमेकडे निघायचं, म्हणजे वारा सुटलाच तर तो परतीच्या वेळी पाठीशी येतो. अकराच्या आत काठाला लागायचं. उलट केलंत, सकाळी मजेत पूर्वेला गेलात, तर थकलेल्या हातांनी वाऱ्याच्या तोंडावर यावं लागेल. पाण्यावर पांढरी टोपी घातलेल्या लाटा तुरळक दिसू लागल्या म्हणजे वारा साधारण ताशी १२ ते १९ किलोमीटरच्या घरात आहे. एकट्याच्या उघड्या होडीसाठी ती शेवटची पायरी. त्या जागोजाग दिसू लागल्या की वारा २० च्या वर गेला. तेव्हा जवळच्या काठाला होडी लावून चालत गाडीकडे जावं, त्यात कमीपणा काही नाही. हवामान खात्याचा अंदाज आदल्या रात्री आणि पहाटे असा दोनदा पाहा. गडगडाटाचा इशारा असेल तर त्या दिवशी पाणी बंद.

नकाशाची एक गोम ध्यानात ठेवायला हवी. नकाशावर जलाशयाची निळी कड दिसते ती बहुधा धरण भरलेलं असतानाची. एप्रिलमध्ये खरा काठ त्याहून शेकडो मीटर आत सरकलेला असतो आणि मधल्या पट्ट्यात गाळ, बुंधे, जुन्या भिंती वर आलेल्या असतात. पवनेत उन्हाळ्यात वाघेश्वराचं प्राचीन मंदिर पाण्याबाहेर येतं, उजनीत पळसदेवचं येतं. मंदिर उघडं पडायच्या आधी काही आठवडे त्याचे दगड पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभर लपलेले असतात, आणि फुगवायच्या होडीचा तळ फाटायला तेवढं पुरे. सेंटिनेल उपग्रहाची चित्रं मोफत पाहता येतात, दर काही दिवसांनी ताजी होतात आणि त्यांत दहा मीटरपर्यंतचा तपशील कळतो. निघण्याआधी आठवड्यातलं ताजं चित्र आणि धरणाच्या साठ्याची रोजची टक्केवारी ताडून बघा. मग सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर आजचा काठ पेन्सिलीनं काढा. तो कागद पारदर्शक पिशवीत घालून मांडीसमोर बांधा, फोनवर विसंबू नका. ताम्हिणीच्या बाजूला रेंज जाते आणि उन्हात तापलेला फोन ऐनवेळी बंद पडतो.

अंतर किती धरायचं? सामानासह एकट्याचा वेग शांत पाण्यात ताशी तीन ते चार किलोमीटर, समोरून वारा असेल तर त्याच्या निम्मा. म्हणजे सकाळच्या चार तासांत जाऊन-येऊन आठ-दहा किलोमीटर, त्याहून जास्त नाही. दर दोन किलोमीटरवर बाहेर पडता येईल अशी जागा, जिथून पायवाट किंवा रस्ता वर जातो, आधीच हेरलेली हवी.

मग काठावरचं माणूस. मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी २०१५ मध्ये मुंबई ते गोवा हा किनारा कयाकमधून एकट्यानं पार केला. पुढे गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतच्या त्यांच्या प्रवासात शांजली शाही सायकलवरून किनाऱ्यानं सोबत होत्या. इतकी लांब मजल मारणाऱ्याचीसुद्धा किनाऱ्यावर दखल घेणारं कुणीतरी होतं. तुमच्यासाठी ते घरचं माणूस असेल, सोसायटीतला मित्र असेल. त्याला चार गोष्टी लिहून द्या : कुठून निघणार, कोणत्या काठानं जाणार, किती वाजता बाहेर येणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्यानं ११२ ला कळवायचं. शेवटची वेळ ठाम लिहा, ‘संध्याकाळपर्यंत’ असं मोघम नको. होडीचा रंग आणि गाडीचा नंबरही त्यातच. जिथून पाण्यात उतरणार त्या गावच्या पोलीस पाटलांनाही सांगून जा. शोधाची वेळ आली तर पहिली होडी त्याच गावातून निघते. मावळ भागात लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी स्वयंसेवकांची पथकं धावून येतात, पण त्यांनाही कोणत्या काठाला शोधायचं हे कुणीतरी सांगावं लागतं.

परदेशी पुस्तकांतल्या सामानाच्या यादीत उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारं यंत्र हटकून असतं. ते इथं आणू नका. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसा मेसेंजर बाळगणं भारतात गुन्हा ठरतो आणि त्यापायी परदेशी पर्यटकांना विमानतळावर ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत.

आता होडी. कनू म्हणजे वरून उघडी, एकपाती वल्ह्यानं चालवायची. कयाकला दुपाती वल्हं. अनेक दिवसांच्या सामानासह प्रवासाला कनू उत्तम, तिच्यात पिंप भरून संसार मावतो. पण खोल पाण्यात कनू उलटली की तिच्यात शेकडो लिटर पाणी भरतं आणि एकट्यानं ती तिथल्या तिथं रिकामी करणं होत नाही. दोन्ही टोकांना हवेच्या पिशव्या घट्ट बांधल्या तर ती निदान वर तरंगते आणि ओढत काठाला नेता येते. म्हणून कनू घ्यायचीच तर चौदा ते पंधरा फुटांची, एकट्याच्या बैठकीची घ्या आणि आधी एखाद्या जाणत्याबरोबर शिका. दोघांची कनू एकट्यानं चालवायची असेल तर मागच्या टोकाला बसू नका, पुढचं टोक उचललं जातं आणि वारा ते भोवऱ्यासारखं फिरवतो. मध्याजवळ गुडघे टेकून बसा, समोर पाण्याचा कॅन ठेवा. वारा समोरून असेल तर वजन थोडं पुढे सरकवा, पाठीमागून असेल तर थोडं मागे.

नवख्या एकट्या माणसाला मी वर बसायची कयाक सुचवतो, जिच्या तळाला आरपार भोकं असतात आणि पाणी आपोआप निघून जातं. उलटली तरी सरळ करून पुन्हा चढता येतं. तिचा तोटा वजनाचा. पंचवीस-तीस किलोचं ते धूड टपावर एकट्यानं चढवता येतं का, हे विकत घेण्याआधी दुकानातच करून पाहा. माणच्या उंच इमारतींत लिफ्टमध्ये ती मावणार नाही, तेव्हा ठेवायची सोय आधी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना फुगवायची कयाक सोयीची पडते, कपाटात बसते. मात्र ती पाण्यावर उंच तरंगते आणि वाऱ्याला लगेच बळी पडते, म्हणून तळाला मागे दिशा धरून ठेवणारी पाती (फिन) असलेलीच घ्या आणि तीन वेगळे हवेचे कप्पे आहेत ना ते तपासा. दुचाकीवरून फिरणाऱ्यांसाठी तीन-चार किलोची पॅकराफ्ट आहे, महाग आणि संथ, पण पाठीवर घेऊन डोंगर ओलांडता येतो.

पैसे वाचवायचे तर होडीत वाचवा, लाइफ जॅकेटमध्ये नाही. पर्यटनस्थळी भाड्यानं मिळणारं नारिंगी जॅकेट अनेकदा पाण्यात वर सरकून कानाशी येतं. चांगलं पोहणाऱ्याला ५० न्यूटन तरणशक्तीचं पुरतं, बाकीच्यांनी १०० चं घ्यावं. घातल्यावर कुणाला तरी दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत आलं तर माप चुकलं. जॅकेट अंगात, बंद, पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत. त्याच्या खिशात शिट्टी, पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीतला फोन आणि लहान सुरी. ज्याच्यावर जीव अवलंबून आहे ते अंगावर असावं, कारण होडी सुटली की तिच्यातलं सगळंच जातं.

होडी सुटणं ही खरी आपत्ती. रिकामी होडी वारा इतक्या वेगानं नेतो की पोहून गाठता येत नाही. म्हणून उलटताक्षणी एक हात होडीवर, मग बाकीचं. माण-हिंजवडीच्या पुष्कळ सोसायट्यांत तरणतलाव आहेत. व्यवस्थापकाला विचारून कामाच्या दिवशी दुपारी होडी आत न्या आणि मुद्दाम उलटा. सरळ करा, आडवे होऊन पाय मारत पोट होडीवर घ्या, मग वळून बसा. दंडात ताकद कमी पडत असेल तर दोरीची रिकीब बांधून पायाखाली घ्या. थकलेल्या अवस्थेत, ओल्या कपड्यांत, सलग पाच वेळा जमलं म्हणजे जमलं. हे जमल्याशिवाय एकट्यानं जलाशयावर जाऊ नका, मग होडी कितीही भारी असो.

बाकी सामान थोडकं. दोन तुकड्यांचं जादा वल्हं, हाताशी बांधलेलं. पुढे आणि मागे पाच-पाच मीटरची तरंगणारी दोरी. पाणी उपसायला पाच लिटरचा तेलाचा कॅन तिरका कापून, शिवाय स्पंज. ठिगळाचं सामान आणि रुंद चिकटपट्टी. डोक्याला बांधायची बॅटरी, सकाळचीच सहल असली तरी. तीन लिटर पिण्याचं पाणी आणि मीठ-साखर. पूर्ण बाह्यांचा पातळ पॉलिस्टरचा सदरा, टोपी, पट्ट्याच्या सँडल. जीन्स आणि जाड सुती कपडे भिजले की अंगाला ओझं होतात. उतरताना आधी वल्ह्यानं गाळ चाचपा. उन्हाळ्यात काठाचा गाळ गुडघ्यापर्यंत घेतो आणि एकट्याला तिथून पाय काढणं फार जड जातं. भोई मंडळींनी लावलेल्या जाळ्यांची थर्माकोलचे तरंगणारे तुकडे दिसले की वळसा घालून जा. जाळं त्यांच्या पोटाचं आहे आणि अडकलात तर ते तुमच्या जिवाशी येईल.

काठावर मुक्काम पहिल्या हंगामात नकोच. पुढे केलात तर पाणी ओसरलेल्या जमिनीवर तंबू ठोकण्याआधी विचारा, तिथं बऱ्याचदा गाळपेर असते. रिकामी दिसणारी ओल कुणाच्या तरी हरभऱ्याची असते. शौचाला पाण्यापासून साठ-सत्तर मीटर वर, खड्डा करून, कारण हे पाणी शहरं पितात. पाणी वर चढण्याची शक्यता धरून होडी रात्री उंचावर नेऊन झाडाला बांधा.

मेच्या मध्यानंतर हंगाम आवरता घ्या. जून ते सप्टेंबर घाटमाथ्याचा पाऊस कुणाच्या अंदाजात मावत नाही. २०२४ च्या जुलैत ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. शिवाय या काळात धरणं-धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश लागू होतात. होडी गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, जलपर्णीचा तुकडा चिकटलेला असेल तर काढून कचऱ्यात टाका, नाहीतर तोच पुढच्या जलाशयात जाईल. फुगवायची होडी अर्धवट हवा ठेवून उंदरांपासून दूर टांगा. ऑक्टोबरात धरणं काठोकाठ असतात आणि पाणी खुणावत असतं, तरी सांडव्यातून विसर्ग पूर्ण बंद झाल्याचं शाखा कार्यालयातून विचारून घ्या. बंद झाल्यावरही आठवडाभर थांबा, तेवढ्यात पुरात वाहून आलेले ओंडके काठाला लागतात.